सेहेचाळिसाव्या वर्षाची पोढी

मंचरहून नाशिकच्या एसटीत बसायचं, कळंबला घोड नदी ओलांडायची आणि नारायणगावला उतरून जुन्नरची गाडी धरायची. जुन्नरला येणारे बहुतेक लोक शिवनेरीकडे वळतात. मी सांगतोय ती गोष्ट मात्र गावाच्या दक्षिणेला, मानमोडीच्या डोंगरात आहे. तिथल्या भीमाशंकर गटातल्या लेण्यांमध्ये पाण्याच्या टाक्यापाशी ब्राह्मी अक्षरांतला एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा: राजा महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री आयम, याने पुण्यासाठी दिलेली पोढी आणि मंडप, वर्ष ४६.

पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. गड चढणाऱ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द या प्राकृत लेखात जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. शब्द ओळखीचा निघाला, राजा मात्र अनोळखी राहिला. शाळेत नहपान आपल्याला एका वाक्यात भेटतो. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात वंशातल्या शक क्षत्रप नहपानाचा पराभव केला, एवढंच ते वाक्य. म्हणजे त्याची ओळखच त्याच्या हरण्यातून झालेली. या माणसाने निदान सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कारभार केला, त्याचा अमात्य जुन्नरला पाण्याची सोय करत होता, आणि त्याचा जावई नाशिकच्या विणकरांकडे ठेव ठेवत होता. हे त्या वाक्यात मावत नाही.

आधी त्या वाक्याचा उगम पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक लांबलचक लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्राच्या आईचा. त्यात गौतमीपुत्राला क्षहरात वंश निरवशेष करणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रतिष्ठित करणारा, शक, यवन आणि पह्लवांचा संहार करणारा म्हटलं आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असंही त्यात आहे. आपल्या मनातल्या सातवाहन अभिमानाचा मोठा भाग या एका लेखातून आलेला आहे.

या लेखाची तारीख आहे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. म्हणजे नातू गादीवर येऊन अठरा वर्षं उलटून गेल्यावर एका वृद्ध आईने आपल्या लेकाची आठवण खडकात कोरून घेतली. तिचं दुःख आणि तिचा अभिमान खरा आहे, आणि तो वाचताना मी दर वेळी हलतो. पण आईने मुलाविषयी, तेही इतक्या वर्षांनी लिहिवलेला मजकूर त्याच्या शत्रूविषयी साक्ष म्हणून किती वापरायचा? ‘निरवशेष’ हा शब्द प्रशस्तीचा आहे. वंश संपवल्याची नोंद म्हणून तो वाचला की आपण घसरतो. वर्णसंकराचंही तसंच. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं म्हटलं आहे. ज्या घराण्याने शकांचा संहार केला म्हणून सांगितलं, त्याच घराण्यात अल्पावधीतच शक क्षत्रपांची लेक सून म्हणून आली.

असा पेच फक्त आपल्याकडेच पडतो असं नाही. इंग्लंडमध्ये ९७८ ते १०१६ या काळात, मधला थोडा परागंदा काळ सोडला तर, एथेलरेड नावाचा राजा होता. शेकडो वर्षं तो नालायक राजा म्हणूनच ओळखला गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘उदात्त सल्ला’ असा होतो. त्यावर कोटी करून त्याला ‘सल्ल्यावाचूनचा’ असं टोपणनाव पडलं, आणि ते लेखी सापडतं त्याच्या मृत्यूनंतर दीडएकशे वर्षांनी. त्याच्या राज्याची जी वार्षिक बखर आहे, तिचा बराच भाग डेन लोकांनी राज्य जिंकल्यावर, शेवट माहीत असलेल्या कुणा एकाने मागे वळून लिहिला. पुढे सायमन कीन्स या इतिहासकाराने बखर बाजूला ठेवून राजाची दानपत्रं हाती घेतली. कोणत्या दानपत्रावर कोणत्या सरदाराची साक्ष आहे, कोण कधी दिसेनासा होतो, याचा त्याने माग काढला आणि १९८० मध्ये त्यावर ग्रंथ छापला. त्यातून दिसलेला राजा निर्दोष नव्हता, पण बखरीतल्या बाहुल्याहून फार वेगळा होता.

नहपानाच्या बाबतीत आपल्याकडेही बखरीच्या जागी बलश्रीचा लेख आहे, आणि दानपत्रांच्या जागी नाशिक, कार्ले आणि जुन्नरचे खडक.

नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई बोलतो. दिनीकाचा मुलगा उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. त्याची बायको दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. तिचंही दान त्या लेण्यात नोंदलेलं आहे. उषवदाताने दिलेल्या दानांची यादी वाचताना दम लागतो. तीन लाख गाई. देवब्राह्मणांना सोळा गावं. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचं भरूच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि नालासोपारा, इथे धर्मशाळा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट नावा. आठ हजार नारळाची रोपं. मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला तो राजाज्ञेने गेला, मग पुष्करच्या तलावात स्नान करून तीन हजार गाई आणि एक गाव दिलं. नावा आणि धर्मशाळांच्या या यादीतूनच राज्याचा नकाशा दिसतो. राजस्थानातल्या पुष्करपासून उत्तर कोकणापर्यंत आणि घाटावर जुन्नर-कार्ल्यापर्यंत त्याचा वावर होता.

मला या सगळ्यांत मोहवतो तो वर्ष ४२ चा ठेवीचा लेख. उषवदाताने लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि तीन हजार कार्षापण नाण्यांची ‘अक्षय नीवी’, म्हणजे कायमची ठेव, केली. गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार ठेवले, महिना शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशोब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेख सांगतो.

आमच्या मंचरच्या बाजारपेठेत ज्याने कधी पतसंस्थेच्या पासबुकावर बोट ठेवून व्याज मोजलं आहे, त्याला हा लेख समजावून सांगावा लागत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की जावयाने पैसे सरकारी खजिन्यात ठेवले नाहीत. त्याने ते विणकरांकडे ठेवले. राज्य बदललं तरी श्रेणी टिकेल असा त्याचा विश्वास असणार, आणि स्थानिक कारागिरांनाही परक्या म्हणवल्या जाणाऱ्या या घराण्याशी व्यवहार करण्यात अडचण वाटली नाही. जुन्नरच्या लेण्यांतही बुरूड, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींची नावं आहेत. यवन म्हणवणारे तीन दाते आहेत. आडुथुम नावाचा एक शक उपासक आहे, जो कोणाचिक नावाच्या श्रेणीशी जोडलेला आहे आणि शेताचं उत्पन्न दान देतो. या गर्दीत ‘परका’ आणि ‘आपला’ अशी रेघ मारायला गेलं तर ती कुठे मारायची? खुद्द नहपानाचा अमात्य वत्स गोत्र सांगतो आणि ‘पुण्यासाठी’ टाकं खोदतो.

म्हणून नहपान दयाळू राजा होता, असं मी म्हणणार नाही. दानलेख हासुद्धा स्तुतीचाच प्रकार आहे, फक्त तो पैशांच्या भाषेत बोलतो. तीन लाख गाई कुठून आल्या, हे तो सांगत नाही. शिवाय हा मुलूख त्याच्या आधी सातवाहनांचा होता. नाणेघाटात नागनिकेचा लेख त्याला साक्ष आहे. म्हणजे कधीतरी इथे चढाई झाली, कुणाची तरी घरं जळाली, आणि मग धर्मशाळा उभ्या राहिल्या. या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या आहेत.

जैन परंपरेने ही दानशूरता एका वेगळ्याच अंगाने लक्षात ठेवली. आवश्यकसूत्रावरच्या टीकासाहित्यात भरुकच्छच्या नहवाहन राजाची गोष्ट आहे. त्याच्याकडे खजिना अमाप, तर पैठणच्या शालिवाहनाकडे सैन्य मोठं. शालिवाहन वेढा घाली, पण नहवाहन शत्रूच्या सैनिकांची मुंडकी आणणाऱ्यांना बक्षिसं देऊन त्याला हटवी. शेवटी शालिवाहनाने आपल्या मंत्र्याला अपमान करून हाकलल्याचं सोंग केलं. तो मंत्री नहवाहनाच्या दरबारी रुजू झाला आणि त्याने राजाला धर्मकार्याची गोडी लावली. देवळं, तळी, दानं यांत खजिना रिता झाला आणि शहर पडलं. गोष्ट म्हणून ती रचलेली आहे, हे उघड आहे. पण दहाव्या लेण्यातली दानांची यादी वाचून झाल्यावर या गोष्टीत कुठली तरी खरी आठवण शिल्लक राहिली असावी, असं मला वाटतं. एवढं देणारं घराणं लोकांच्या बोलण्यात राहणारच.

आता नाणी. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका बाजूला कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो, वर विजेत्याची खूण. नहपान आणि गौतमीपुत्र एकमेकांच्या काळाला लागून होते, हे या साठ्याने पक्कं केलं. मध्ये दुसऱ्या कुणा राजाला जागा उरली नाही. जिंकलेल्याने ही चांदी वितळवली नाही, ठसा मारून पुढे चालवली, हेही त्यातून कळतं. बाजाराला नाणं हवं होतं. नहपानाच्या चांदीवर लोकांचा विश्वास बसलेला होता, आणि तो मोडण्यात गौतमीपुत्राचंही हित नव्हतं.

या साठ्याचा अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना वेगळाच प्रश्न पडला. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी तरुण, कुणी म्हातारा, नाकाची ठेवण निराळी, गालांचा भराव निराळा. ही माणसं एकच असणं शक्य नाही, एका घराण्यातल्या अनेकांनी नहपानाच्या नावाने नाणी पाडली असावीत, असा त्यांचा कल होता. मला हे पटत नाही. नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. त्यांतली ग्रीक अक्षरं बऱ्याच नाण्यांवर बिघडत बिघडत नुसत्या रेघा होऊन बसली आहेत. जो कारागीर ग्रीक अक्षरं न कळता उतरवत होता, त्याने राजाला समोर बसवून चेहरा कोरला असेल असं का मानायचं? वर्षानुवर्षं अनेक हातांनी साचे कोरले, आधीच्या नाण्यावरून पुढचं नाणं उतरलं. चेहरे बदलले ते कारागिरांमुळे. आणि नावात कुठेच बदल नाही.

सगळ्यांत चिवट भांडण मात्र त्या ‘४६’ या आकड्याचं आहे. ते वर्ष कशापासून मोजलेलं? इ. स. ७८ मध्ये सुरू झालेल्या शकाचं मानलं तर आयमाची पोढी इ. स. १२४ च्या सुमाराची ठरते. रा. गो. भांडारकरांपासून अनेक विद्वान असं मानत आले आणि पाठ्यपुस्तकांतही तेच आलं. पण दोन पुरावे आडवे येतात.

पहिला पुरावा ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकाचा. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी कुणा अनुभवी दर्यावर्दीने ते लिहिलं. त्यात अरबस्तानातल्या नबातियन राजा मलिखसचा उल्लेख आहे. हा दुसरा मलिखस इ. स. ७० च्या सुमारास वारला, त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक हे पुस्तक पहिल्या शतकाच्या मध्यावरचं मानतात. भरूचच्या बाजूच्या राज्याविषयी लिहिताना त्यात राजाचं नाव येतं. हायडलबर्गच्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात ते ‘मांबरस’ सारखं वाचता येतं. नकलकाराने एखाददुसरं अक्षर चुकवलं असं धरून विद्वानांनी ते ‘नांबानस’, म्हणजे नहपान, असं दुरुस्त केलं. ही दुरुस्ती बरोबर असेल तर नहपान पहिल्या शतकातला ठरतो आणि १२४ हे साल कोसळतं. ही दुरुस्ती न मानणारेही आहेत. एका राजाचा काळ पन्नास वर्षांनी पुढेमागे व्हावा, आणि तोही नकलकाराच्या एका अक्षरावरून! याच पुस्तकात कल्याण बंदराचीही तक्रार आहे. थोरल्या सारगनाच्या काळी ते रीतसर बंदर होतं, पुढे तिथे अडथळे आले, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जात, असं लेखक सांगतो. सारगन म्हणजे सातकर्णी, हे बहुतेकांना मान्य आहे. कल्याण अडलं की नाणेघाट अडतो आणि नाणेघाट अडला की जुन्नरची पेठ. पैठण आणि तगर इथला माल गाड्यांवर लादून भरूचला जात असल्याचं पेरिप्लस सांगतंच. नाणेघाटातल्या दगडी रांजणापाशी उभं राहिलं की दूरच्या त्या ग्रीक दर्यावर्दीचं वाक्य अगदी घरचं वाटतं.

दुसरा पुरावा कच्छमधला. आंधौ इथे चष्टन या क्षत्रपाचा वर्ष ११ चा लेख मिळाला. तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केला. ते वर्ष शकाचं, म्हणजे इ. स. ८९ चं. मग शकाच्या अकराव्या वर्षी कच्छात चष्टन राज्य करतोय आणि सेहेचाळिसाव्या वर्षी महाराष्ट्र-गुजरातेत नहपान महाक्षत्रप आहे, असे दोन क्षत्रप शेजारी शेजारी मानावे लागतात. जो क्रिब, शैलेंद्र भांडारे यांसारखे नाणकतज्ज्ञ म्हणूनच ही मांडणी उलटवतात. त्यांच्या मते नहपानाची वर्षं शकाची नाहीतच, त्याचा शेवट इ. स. ७८ च्या आसपास झाला, आणि शक ही चष्टनाच्या कारकिर्दीपासूनची मोजणी आहे.

मला ही मांडणी जास्त पटते. पेरिप्लस, आंधौ आणि जोगलटेंभी तिन्ही तिच्यात ओढाताण न करता बसतात. तिचा परिणाम आपल्या भिंतीवरच्या पंचांगापर्यंत पोचतो. गुढीपाडव्याला आपण शालिवाहन शकाचं नवं वर्ष धरतो आणि शालिवाहनाने शकांना हरवलं म्हणून ते सुरू झालं असं सांगतो. शालिवाहनाचं नाव या कालगणनेला फार उशिरा जोडलं गेलं. आधीची शतकं ती शक राजांचीच म्हणून लिहिली जात होती. बदामीच्या ५७८ मधल्या लेखात तर शक राजाच्या राज्याभिषेकापासूनची वर्षं असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही नहपानाचा पाडाव आणि शकाचा आरंभ जवळजवळ एकाच वेळी पडत असतील, तर लोकांच्या आठवणीने दोन्ही गोष्टींची गाठ का मारली असेल, हे समजू शकतं.

आता पुन्हा खडकाकडे, कारण पराभवाची सर्वांत विश्वासार्ह नोंद तिथेच आहे. कार्ल्याला उषवदाताने वलूरकच्या, म्हणजे तिथल्याच लेण्यांतल्या, भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं होतं. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख आहे, आणि त्यानेही वलूरकच्या भिक्षूंना करजक गाव दिलं आहे. राजा बदलला, गाव तेच राहिलं, भिक्षूही तेच राहिले, फक्त नव्या नावाने जुनं दान पुन्हा करून घ्यावं लागलं. त्याच वर्षी नाशिकच्या बाजूला गौतमीपुत्राने विजयी छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली: पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या भोगात असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावं. आजवर, एवढाच तो शब्द. छावणी अजून उठलेली नाही आणि जावयाच्या शेताची वाटणी झाली आहे. नहपानाच्या शेवटाविषयी यापेक्षा जवळून बोलणारा कागद आपल्याकडे नाही, आणि त्यात निरवशेष वगैरे काही नाही. फक्त गावाचं नाव, मोजमाप आणि हुकूम.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, या आज्ञेच्याच भिंतीवर आणखी एक आज्ञा कोरली गेली. या वेळी राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे, आणि गोवर्धनला आता श्यामक नावाचा अमात्य आहे. काखडी गावात पूर्वी भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही, असं त्यात लिहिलं आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तनं द्यावीत. दोनशेच्या जागी शंभर. तो मजकूर लोटा नावाच्या प्रतिहारीने लिहून घेतला.